अवकाशातल्या एक्स-रे कॅमेऱ्यातला नॉइज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही इस्रोच्या ॲस्ट्रोसॅट या, ताऱ्यांचे एक्स-रे टिपणाऱ्या उपग्रहाचा खुला डेटा उघडून बसतो. मी तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. बाकी सगळी बी.एस्सी.ची मुलं-मुली. खोली रस्त्याला लागून आहे आणि दार उघडं असतं. रात्रीच्या ओलिताला निघालेला माणूसही दोन मिनिटं थांबतो, स्क्रीनकडे बघतो आणि विचारतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे लिहून ठेवते आहे. काही मुलांचे आहेत, काही गावकऱ्यांचे, काही दुसऱ्या तालुक्यांतून फोनवर आलेले.

हे सगळे ठिपके तारेच होय का जी?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ॲस्ट्रोसॅटवर सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप, म्हणजे कमी ऊर्जेचे एक्स-रे टिपणारी दुर्बीण आहे. दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली, तिचा कॅमेरा इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातून आला. त्या कॅमेऱ्याचं कच्चं चित्र उघडलं की चार कोपऱ्यांत चार उजळ डाग दिसतात. नवखा माणूस तिथेच अडकतो. ते डाग आकाशातले नाहीत. चिपच्या, म्हणजे एक्स-रे टिपणाऱ्या सिलिकॉनच्या तुकड्याच्या, चारही कोपऱ्यांजवळ लोह-५५ या किरणोत्सारी पदार्थाचा एकेक कण मुद्दाम बसवलेला आहे. त्यातून ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे ऊर्जेचं माप) एक्स-रे सतत निघतात आणि त्यांच्यावरून कॅमेऱ्याचं माप बरोबर आहे का ते तपासता येतं. धान्याच्या काट्याशेजारी प्रमाणित वजन ठेवतात, तसंच.

उरलेल्या ठिपक्यांत काही तारे असतात, काही कृष्णविवरांभोवतीचा तापलेला वायू, आणि काही खुद्द कॅमेऱ्याचे, म्हणजे नॉइज. ही निवड करणं हेच आमच्या संध्याकाळचं निम्मं काम.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातही नॉइज असतो. मग याचं एवढं काय?

मोबाइल फोटो काढतो तेव्हा प्रत्येक पिक्सेलवर हजारो प्रकाशकण पडतात. त्यात दहा-वीस इकडचे तिकडे झाले तर चेहरा ओळखू येतोच. एक्स-रेचा कॅमेरा एकेक कण मोजतो. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला सुमारे ३.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक फोटॉन, म्हणजे एक्स-रेचा एक कण, सुमारे १६०० इलेक्ट्रॉन मोकळे करतो. ते इलेक्ट्रॉन मोजले की फोटॉनची ऊर्जा कळते. कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनी आपलं पान, म्हणजे चिपवरचं एक अख्खं चित्र, वाचतो आणि बहुतेक पान कोरंच असतं. जिथे काही सापडलं तिथली रांग, रकाना, वेळ आणि ऊर्जा अशी एक ओळ यादीत चढते. त्या ओळीला आम्ही ‘इव्हेंट’ म्हणतो.

आता एखाद्या बिघडलेल्या पिक्सेलने आपलं आपणच हजार इलेक्ट्रॉन दाखवले, तर यादीत एक ओळ वाढते आणि ती खऱ्या फोटॉनच्या ओळीसारखीच दिसते. अंधुक ताऱ्याकडून अख्ख्या रात्रीत पन्नास-साठ फोटॉन येणार असतील, तर असा एक पिक्सेल पुरतो सगळं बिघडवायला.

काहीच आलं नाही तरी कॅमेरा शून्य का दाखवत नाही?

रिकामं पोतं काट्यावर ठेवलं तरी काटा थोडा हलतोच ना, तेच इथे होतं. त्या रिकाम्या वजनाला ‘बायस’ म्हणतात आणि ते प्रत्येक पिक्सेलमधून वजा करावं लागतं. वाचताना इलेक्ट्रॉनिक्समुळे चार-पाच इलेक्ट्रॉनांची चूक होते, तो ‘रीड नॉइज’. विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातला रेडिओ खरखरतो, त्याच जातीचं हे आहे. आणि नुसत्या उष्णतेने सिलिकॉनमध्ये जे इलेक्ट्रॉन सुटतात, तो ‘डार्क करंट’.

कॅमेऱ्याले एवढी थंडी काऊन लागते?

डार्क करंट दाबायला. चिप थोडी जरी गरम झाली तरी तो झपाट्याने वाढतो. अमेरिकेच्या, अवकाशातल्या चंद्रा एक्स-रे वेधशाळेचा कॅमेरा सुमारे उणे १२० अंश सेल्सिअसला ठेवतात, आपल्या ॲस्ट्रोसॅटचा उणे ८२ च्या आसपास.

अमेरिकेच्या स्विफ्ट या एक्स-रे टिपणाऱ्या उपग्रहावर २००४ साली उड्डाणानंतर लगेच थंड करणारी यंत्रणा बंद पडली. तेव्हापासून कॅमेरा फक्त अवकाशात उष्णता सोडून जेवढा गार होईल तेवढ्यावर चालतो. उपग्रहाने तोंड कुठे केलं यावर त्याचं तापमान कमी-जास्त होतं, आणि तापमान चढलं की चित्रात पिक्सेल चमकायला लागतात. तिथल्या माणसांनी हार मानली नाही. कोणत्या ताऱ्याकडे कधी वळायचं हे ठरवताना कॅमेरा गार राहील असा बेत ते करतात, आणि २००७ मध्ये चिपवरचा व्होल्टेज बदलून त्यांनी डार्क करंटही कमी केला. मला या लोकांचं मनापासून कौतुक वाटतं. बिघडलेली वस्तू कोणी वर जाऊन दुरुस्त करणार नाही हे माहीत असताना तिच्याकडून वर्षानुवर्षं काम करून घेणं सोपं नाही.

हॉट पिक्सेल कसा ओळखायचा?

हॉट पिक्सेल म्हणजे काही न पडताही पेटलेला दिसणारा बिघडलेला पिक्सेल. याचं उत्तर लांब आहे, कारण आम्ही ते ठेच लागून शिकलो.

आमच्या गटातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला, न गाळलेल्या यादीतून चित्र काढताना, मुख्य ताऱ्यापासून थोडं दूर एक टिपूस दिसलं. कोणत्याच सूचीत त्या जागी काही नव्हतं. नवा तारा सापडला म्हणून तिने तीन रात्री झोप घेतली नाही. चौथ्या रात्री मी तिला एवढंच सांगितलं की चित्र मोठं करून बघ. मोठं केलं तर ते टिपूस म्हणजे एकच चौकोन होता. आजूबाजूचे सगळे चौकोन काळे.

या दुर्बिणीचे आरसे ताऱ्याचा प्रकाश बिंदूत आणत नाहीत. एक पिक्सेल आकाशाच्या सुमारे ४ कंससेकंदांचा आहे (कंससेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, असे ६० मिळून एक कंसमिनिट) आणि ताऱ्याचं बिंब सुमारे दोन कंसमिनिटांत पसरतं, म्हणजे तीसेक पिक्सेल रुंद. खरा तारा त्या कॅमेऱ्यात एका चौकोनात मावूच शकत नाही. तरी खात्री करायची म्हणून तिने आकाशाच्या अगदी दुसऱ्या बाजूच्या निरीक्षणाची फाइल उघडली आणि आकाशातला पत्ता बाजूला ठेवून चिपवरचा पत्ता बघितला. तीच रांग, तोच रकाना, तिथेच टिपूस.

आमची सगळी तपासणी या एका प्रश्नावर उभी आहे : ही गोष्ट आकाशाला चिकटली आहे की कॅमेऱ्याला? चंद्रा वेधशाळेत तर निरीक्षण चालू असताना दुर्बीण मुद्दाम हळूहळू डोलवतात. एका दिशेने १००० सेकंदांत एक झोका, दुसऱ्या दिशेने सुमारे ७०७ सेकंदांत. त्यामुळे खरा तारा चिपवर फिरत राहतो आणि आकाशाच्या नकाशात मात्र एकाच जागी येतो. हॉट पिक्सेलचं उलटं होतं. तो चिपवर जागचा हलत नाही, पण आकाशाच्या नकाशात त्याची गिरकी उमटते.

त्या मुलीने त्या रात्रीपासून एक वही सुरू केली. तिच्या बाबांची जुनी हजेरीवही आहे. पुढच्या पानांवर निंदणीच्या आणि वेचणीच्या बायांची हजेरी, लाल शाईने मारलेले खाडे. वही उलटी धरली की मागून पिक्सेलांची हजेरी सुरू होते : डावीकडे रांग-रकाना, वर तारखा, आणि जो पिक्सेल त्या दिवशी बोलला त्याच्यासमोर बरोबरची खूण. काही पिक्सेल रोज हजर असतात. काही पंधरा दिवस गप्प राहून अचानक दोन दिवस बोलतात. त्यांना ‘फ्लिकरिंग पिक्सेल’ म्हणतात आणि तेच जास्त त्रास देतात, कारण कायमच्या वाईट पिक्सेलांच्या यादीत ते नसतात.

एकाच जागी लागोपाठ पाच-सहा इव्हेंट आले आणि मग थांबले. स्फोट असेल का?

असू शकतो, पण आधी ‘आफ्टरग्लो’चा संशय घ्या. अवकाशातून प्रचंड वेगाने येणाऱ्या वैश्विक किरणांचा एखादा कण चिपमधून जाताना खूप इलेक्ट्रॉन सोडून जातो. त्यातले काही सिलिकॉनमधल्या दोषांमध्ये अडकतात आणि पुढच्या अनेक पानांवर थोडे थोडे बाहेर येतात. चंद्रा वेधशाळेचं पान ३.२ सेकंदांचं असतं, तेव्हा अर्धा-पाऊण मिनिट एखादा अंधुक तारा उगवून मावळल्यासारखं वाटतं. ऊर्जा क्रमाने उतरत गेली आणि पत्ता एकाच पिक्सेलचा असला, तर तो आफ्टरग्लो समजा.

वैश्विक किरण आणि एक्स-रे यांत फरक कसा करता?

खुणेवरून. पावसाचा टपोरा थेंब मातीत पडला तर छोटा खळगा होतो, वखर गेला तर लांब तास पडतं. एक्स-रे फोटॉनचे इलेक्ट्रॉन एक, दोन, फार तर चार शेजारी पिक्सेलांत मावतात. कण तिरपा गेला तर लांब रेघ ओढतो. आकारावरून प्रत्येक इव्हेंटला ‘ग्रेड’ देतात आणि वाईट ग्रेड बाजूला काढतात. हुकमी उपाय नाही हा. सरळ आत घुसलेला कण थेंबासारखाच दिसतो.

चार्ज ट्रान्सफर इनएफिशियन्सी हे काय प्रकरण आहे? पुस्तकातून समजत नाही.

रात्री ओलीत करणाऱ्या माणसाला हे पुस्तकाशिवाय समजतं. विहिरीचं पाणी पाटाने सोडलं की जवळच्या वाफ्याला भरपूर मिळतं. शेवटच्या वाफ्यापर्यंत जाता जाता भेगांत, उंदरांच्या बिळांत मुरतं आणि कमी पडतं. मुरलेलं थोडं पाणी मागाहून पाझरतं, पण तोवर बारं पुढे गेलेलं असतं.

या कॅमेऱ्यांतल्या चिपला सीसीडी म्हणतात, आणि तिच्यावर वाचायची सोय एकाच कडेला असते. लांबच्या रांगेतले इलेक्ट्रॉन पिक्सेलमागून पिक्सेल सरकवत तिथे आणावे लागतात. हजार रांगांची चिप असेल तर हजार वेळा. सिलिकॉनच्या जाळीत दोष असतील तर प्रत्येक पायरीवर थोडे इलेक्ट्रॉन अडकतात आणि उशिरा सुटून मागे शेपूट सोडतात. ही गळती म्हणजेच चार्ज ट्रान्सफर इनएफिशियन्सी. मग त्याच ऊर्जेचा फोटॉन जवळच्या रांगेत पडला तर १६०० इलेक्ट्रॉन मोजले जातात, लांबच्या रांगेत पडला तर कमी. एकाच वर्णरेषेची, म्हणजे एका ठरावीक ऊर्जेच्या एक्स-रेची, मोजलेली ऊर्जा चिपवर जागा बदलली की बदलते.

चंद्रा वेधशाळेला हे फार लवकर भोगावं लागलं. आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ही दुर्बीण २३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया यानातून गेली. तिची लंबवर्तुळाकार कक्षा पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांतून जाते. तिथले कमी ऊर्जेचे प्रोटॉन एक्स-रेसारखेच आरशांवरून घसरत थेट कॅमेऱ्यावर येतील हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्याच काही आठवड्यांत समोरून प्रकाश घेणाऱ्या आठ चिपांची ही गळती खूप वाढली. त्या चिपांत इलेक्ट्रॉन सरकण्याचा मार्ग वरच्या थराजवळ आहे, आणि हे प्रोटॉन नेमके तेवढेच आत जाऊन थांबत होते. पाठीमागून प्रकाश घेणाऱ्या दोन चिपा वाचल्या, कारण त्यांचा मार्ग सिलिकॉनच्या पलीकडच्या बाजूला होता. कारण कळल्यावर प्रारणपट्टा आला की कॅमेरा आरशांच्या समोरून बाजूला सरकवायचा असा नियम झाला. आजही तो पाळतात.

जपानच्या सुझाकू उपग्रहावर यावर केलेला उपाय मला फार आवडतो. ठरावीक रांगांमध्ये मुद्दाम इलेक्ट्रॉन भरून ते आधी सरकवायचे. ते दोषांचे खड्डे भरून टाकतात, आणि मागून येणारा खरा फोटॉनचा भार जवळजवळ पुरता पोचतो. पाट एकदा ओला झाला की मागचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जातं, तसं. हे सांगितल्यावर दारात उभे असलेले एक काका म्हणाले, “मंग हे तं आमी रोजच करतो.” वर्गात मला हे समजावून द्यायला दोन तास लागले होते.

वर एखादा खडा लागला तर?

लागले आहेत. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीत ९ मार्च २००५ रोजी कॅमेऱ्यात प्रकाशाचा झोत दिसला आणि एमओएस-१ कॅमेऱ्याच्या सात चिपांपैकी सहाव्या क्रमांकाची कायमची गेली. सूक्ष्म उल्केचा कण आरशांमधून आत आला असावा, असा निष्कर्ष निघाला. २०१२ च्या डिसेंबरात त्याच कॅमेऱ्याची तिसरी चिपही गेली. स्विफ्टला असा मार २७ मे २००५ रोजी बसला आणि नवे हॉट पिक्सेल, हॉट रकाने कायमचे मागे राहिले. जुन्या फाइलवर काम करताना तारीख बघायची ती यासाठी.

ॲस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआयमध्ये नॉइज वेगळा असतो का?

हो. ॲस्ट्रोसॅटवरचा हा दुसरा कॅमेरा जास्त ऊर्जेचे एक्स-रे टिपतो. तो सीसीडी नाहीच. कॅडमियम झिंक टेल्युराइडचे ६४ तुकडे चार भागांत बसवले आहेत, प्रत्येकात २५६ पिक्सेल, एकूण १६,३८४. काम पुण्याच्या आयुका संस्थेतून सांभाळलं जातं. यात आरसे नाहीत, वर छिद्रांची जाळी आहे आणि ताऱ्याची सावली सगळ्या पिक्सेलांवर नक्षीसारखी पडते. म्हणून एकटाच पिक्सेल पेटलेला दिसला तर तो तारा नाही हे इथे आणखी सोपेपणाने सांगता येतं.

इथला मोठा त्रास ‘बंच’चा. वैश्विक किरणांचा कण उपग्रहाच्या अंगावर आदळतो, त्यातून कणांचा सडा उडतो, आणि काही मायक्रोसेकंदांत पुष्कळ इव्हेंट एकदम येतात. आकाशातून फोटॉन असे झुंडीने येत नाहीत. त्यामुळे सफाईची पहिली पायरी म्हणजे हे गुच्छ काढणं, आणि मग नॉइजवाले पिक्सेल.

आमच्या ताऱ्यात ९८ मिनिटांचं चक्र सापडलं आहे!

ॲस्ट्रोसॅट ६५० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती सुमारे ९८ मिनिटांत एक फेरी मारतो. हे चक्र उपग्रहाचं आहे. दर फेरीत तारा पृथ्वीआड जातो, आणि दक्षिण अटलांटिकवर जिथे प्रारणपट्टा खाली उतरला आहे तिथे नॉइजही वाढतो. चक्राची लांबी उपग्रहाच्या फेरीशी किंवा कॅमेऱ्याच्या पानाच्या वेळेशी जुळली, तर आनंद जरा थांबवा.

वर्णपटात तांब्याची आणि ॲल्युमिनियमची रेषा दिसते. ताऱ्यात तांबं आहे का?

वर्णपट म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती एक्स-रे आले याचा आलेख, आणि त्यातला अरुंद उंचवटा म्हणजे रेषा. तांबं कॅमेऱ्यात आहे. वैश्विक कण कॅमेऱ्याच्या धातूंवर आपटले की ते धातू स्वतःचे एक्स-रे सोडतात. ॲल्युमिनियम सुमारे १.४९, सिलिकॉन १.७४, तांबं ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ. एक्सएमएम-न्यूटनच्या पीएन नावाच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं फक्त ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळचं पार्श्वभूमीचं चित्र काढलं, तर मधोमध मोठं भगदाड दिसतं. चिपच्या मागे असलेल्या सर्किट बोर्डाचा आकार त्या चित्रात उमटतो. आकाशाचा फोटो घ्यायला पाठवलेल्या कॅमेऱ्याने स्वतःच्या पाठीचा फोटो काढला आहे. मुलांना मी हे चित्र हटकून दाखवते.

मोठमोठे शास्त्रज्ञही यात फसतात का?

फसू नये म्हणून किती काळजी घेतात, त्याचं एक उदाहरण देते. २०१४ मध्ये दोन गटांनी सांगितलं की दीर्घिका-समूहांच्या वर्णपटात ३.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ एक अनोळखी, अगदी क्षीण रेषा आहे. कदाचित न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याची खूण असेल. पहिला संशय कॅमेऱ्यावरच गेला. त्यातल्या एका गटाने ७३ समूहांचे वर्णपट एकत्र केले होते, आणि तेही प्रत्येक समूह आपल्यापासून जेवढ्या वेगाने दूर जातो त्याप्रमाणे सरकवून. कॅमेऱ्याची रेषा सगळ्या फाइलींत एकाच ऊर्जेला असते, त्यामुळे अशा सरकवण्यात ती फिसकटून जाते. आकाशातली असेल तर एकावर एक बसते. तोच प्रश्न, फक्त जागेऐवजी ऊर्जेत विचारलेला. पुढे जपानच्या हितोमी उपग्रहाला ययाती (पर्सियस) दीर्घिका-समूहात तेवढ्या जोराची रेषा दिसली नाही, आणि वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. मला या वादात काही कमीपणा वाटत नाही. इतकं बारीक पाखडल्यावरही उरतं तेवढंच आकाशाच्या नावावर लिहायचं असतं.

मग सगळा नॉइज एकदाच काढून का टाकत नाही?

तूर उपणताना वारा फार सुटला तर कुटारासोबत बारीक दाणाही उडून जातो. गेल्या हंगामात आमच्याच खळ्यावर सुपाखालचा ढीग सावरेपर्यंत बराच दाणा कुटारात गेला. दोन्ही हातांनी चिवडून तो वेगळा करायला अख्खी दुपार लागली, आणि तरी थोडा गाईच्या गव्हाणीत गेलाच. सफाईच्या कडक अटी लावल्या तर क्षणभर लखलखून विझणारा खरा स्रोतही ‘फ्लिकरिंग पिक्सेल’ म्हणून जातो. तेजस्वी ताऱ्याचे दोन फोटॉन एकाच पानावर शेजारी पडले तर त्यांची ग्रेड वाईट ठरते आणि खरा माल बाहेर फेकला जातो. म्हणून आम्ही काढलेलं काही पुसत नाही. गाळलेली यादी एका फाइलीत, काढलेली दुसऱ्या फाइलीत. काढलेल्यांचंही चित्र काढतो. त्यात ताऱ्याचा आकार दिसला तर चाळणी चुकली.

ताऱ्यातून निघालेली सरळ रेघ?

वाचतानाचा परिणाम. चिपवरचे इलेक्ट्रॉन सरकत असतानाही तेजस्वी ताऱ्याचे फोटॉन पडत राहतात आणि चुकीच्या रांगेत नोंदले जातात. चंद्रा वेधशाळेच्या कॅमेऱ्यात हे सरकायला सुमारे ४१ मिलिसेकंद लागतात. रेघ नेहमी वाचण्याच्या दिशेने असते.

लाइन जाते, रेंज नसते. खेड्यातून हे होतं का?

होतं. इस्रोने २०१८ पासून ॲस्ट्रोसॅटचा जुना डेटा सगळ्यांसाठी खुला केला आहे. फाइली मोठ्या असतात, म्हणून तालुक्याला गेलो की पेनड्राइव्हवर आणतो. एकदा आणलेली फाइल महिनाभर पुरते. लॅपटॉप जुना चालतो. आणि आमच्याकडे वेळ आहे; एकेक इव्हेंट हाताने बघायची सवड शहरातल्या फार थोड्यांना मिळते.

सुरुवात कशापासून करू?

क्रॅब नेब्युलापासून. १०५४ साली ज्याचा स्फोट पृथ्वीवरून दिसला त्या ताऱ्याचे हे अवशेष वृषभ राशीत बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ आहेत. थंडीत हरभऱ्याला पाणी देताना रोहिणी नक्षत्र वर दिसतं, त्याच भागात. स्रोत तेजस्वी आहे, त्यामुळे काम चुकलं तर लगेच कळतं. पण पहिल्या दिवशी आकाशाचा नकाशा उघडू नका. आधी चिपचा नकाशा उघडा, चारही कोपरे बघा, लोह-५५ चे डाग आपापल्या जागी आहेत का, ५.९ ची रेषा ५.९ लाच येते का ते तपासा. जे एकेकटे चौकोन पेटलेले दिसतील त्यांचे पत्ते वहीत लिहा, तारखेसकट. मग दुसरी फाइल उघडा आणि हजेरी घ्या.